मराठी माध्यमातून शिकून यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत परराष्ट्र सेवेला पहिली पसंती दिली तर मुलाखतीत इंग्रजी आडवं येतं का? आणि ऑप्शनल, म्हणजे वैकल्पिक विषय, कोणता घ्यावा?

नाही, आडवं येत नाही. मी मुलाखत मराठीतून दिली आणि माझ्या डॅफमध्ये (सेवांचा पसंतीक्रम द्यायच्या सविस्तर अर्जात) आयएफएस, म्हणजे परराष्ट्र सेवा, पहिल्या क्रमांकावर होतं, म्हणून ठामपणे सांगते.

मेन्समधला (मुख्य लेखी परीक्षेतला) सक्तीचा इंग्रजी पेपर ३०० गुणांचा. २५ टक्के मिळाले की पास, आणि ते गुण रँकमध्ये धरत नाहीत. रँक ठरते मेन्सचे १७५० आणि मुलाखतीचे २७५, अशा २०२५ गुणांवर. मेन्स मराठीतून लिहिली तर मुलाखत मराठीतून देता येते. मेन्स इंग्रजीतून लिहिली पण सक्तीच्या भारतीय भाषेसाठी मराठी घेतली असेल, तरीही देता येते. हे कित्येक क्लासवाल्यांनाही ठाऊक नसतं. पसंतीक्रमाचं म्हणाल तर आयएफएस वर टाकल्याने काहीच जात नाही. रँक तिथवर पोचली नाही तर पुढच्या पसंतीची सेवा बघतात.

एवढ्यावर उत्तर संपलं असतं. पण डॅफ भरायच्या दिवसांत पुण्यात माझ्या मार्गदर्शक सरांशी नेमका याच मुद्द्यावर वाद झाला होता आणि तो माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नवी पेठेतल्या अभ्यासिकेत, सगळ्या पोरांसमोर ते म्हणाले, "आयएफएस खाली घे. तुझं इंग्रजी तासगावचं आहे, मुलाखतीच्या बोर्डाला पाच मिनिटांत कळेल. शिवाय तू मुलगी. लग्नानंतर नवरा काय तुझ्यामागे देशोदेशी फिरणार आहे?"

मी त्यांना मुथम्मांचं नाव सांगितलं. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आल्या, या सेवेतल्या पहिल्या महिला. त्यांनाही मुलाखतीतच या सेवेत येऊ नका असं सुचवलं गेलं होतं. महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यायची असा नियमच होता, आणि तोच भेदभाव घेऊन त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारला या नियमांवरून चांगलंच सुनावलं. एवढं होऊन इतकी वर्षं लोटल्यावरही अभ्यासिकेत बसून कुणी मुलीला नवऱ्याचा प्रश्न विचारत असेल, तर त्याने मार्गदर्शन करू नये, हे माझं मत आहे. सर म्हणाले, "कोर्टातल्या गोष्टी बोर्डात चालत नाहीत." मी पसंतीक्रम बदलला नाही.

दिल्लीत यूपीएससीच्या धोलपूर हाऊसमध्ये बोर्डाने सुरुवातच डॅफवरून केली. वडिलांच्या व्यवसायापुढे द्राक्ष बागायतदार असं लिहिलं होतं. एका सदस्यांनी विचारलं, द्राक्षबागेचा आणि परराष्ट्र सेवेचा संबंध काय? मी २०१० चा हंगाम सांगितला. वेलीची वाढ रोखायला आपल्याकडे लिहोसिन वापरायचे. त्यातल्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश युरोपातल्या तपासणीत मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि भारतातून गेलेले कंटेनर नाकारले गेले. सावळज, मणेराजुरीच्या बाजूला तेव्हा घरोघरी दुसरा विषय नव्हता. सदस्य म्हणाले, फवारणी तुमची, मग दोष युरोपला कसा? मी म्हटलं, दोष युरोपला देत नाही. पण तिकडे कोणत्या औषधाचा अंश कसून तपासतात ही माहिती बागेपर्यंत छाटणीच्या आधी यायला हवी, माल बंदरात अडकल्यावर येऊन उपयोग नाही. युरोपीय संघाशी आपला व्यवहार ब्रसेल्सच्या दूतावासातून चालतो. तिथे बसलेल्या अधिकाऱ्याला खरड छाटणी कधी असते हे माहीत असलं, तर तो ही माहिती वेळेत इकडे पाठवेल. त्यावर बराच वेळ प्रश्न चालले. जीनिव्हा, जागतिक व्यापार संघटना, रसायनांच्या अंशाची मर्यादा ठरवण्यात आपला आवाज किती, सगळं निघालं.

शेजारी दुभाषी होते. माझं वाक्य संपलं की ते इंग्रजीत सांगायचे आणि तेवढ्यात मला पुढचं जुळवायला उसंत मिळायची. मात्र वेळही त्यात जातो, म्हणून मराठीतून देणाऱ्याने आटोपशीर बोलायची सवय करावी. इंग्रजीवरून कुणी एक शब्द काढला नाही.

यादीत नाव आलं, पण आयएफएसच्या रँकला नाही. मला दुसरी केंद्रीय सेवा मिळाली आणि सरांना पुरावा मिळाला. अजूनही ते नव्या मुलांना माझं उदाहरण देतात असं कानावर येतं. म्हणून इथे लिहून ठेवते: गुणपत्रिकेत माझे मुलाखतीचे गुण आमच्या गटातल्या इंग्रजीतून बोललेल्या बहुतेकांपेक्षा जास्त होते. कमी पडले ते निबंधात. ज्या तीस मिनिटांची त्यांनी भीती घातली, तिथे माझं काहीच गेलं नाही.

या सेवेत निवड झाल्यावर एक परकी भाषा नेमून देतात आणि मुळाक्षरांपासून शिकायला परदेशी पाठवतात. अरबी, चिनी, रशियन, जपानी, काहीही वाट्याला येऊ शकतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे जपानी शिकले. पुढे परराष्ट्र सचिव झालेले विजय गोखले चिनी शिकले. जी सेवा पंचविशीत चिनी लिपी गिरवायला लावते, तिला तुमचे इंग्रजी उच्चार खटकतील हे मला पटत नाही.

तरी दोन गोष्टी सांगायला हव्यात. मंत्रालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं आणि आंतरराष्ट्रीय संबंधांवर मराठीत पुरेसं वाचायला मिळत नाही, त्यामुळे इंग्रजी वाचन रोजचं हवं. बोलणं नंतर सुधारतं. दुसरं म्हणजे जागा फार थोड्या. वरच्या रँकचे बरेच जण आयएएस घेतात म्हणून आयएफएसची रँक खाली सरकते, पण किती, ते दर वर्षी वेगळं. तेवढ्या आशेवर राहू नका आणि पसंतीक्रमात खाली तीच सेवा लिहा जी तुम्ही खरोखर कराल.

ऑप्शनलचं म्हणाल तर राज्यशास्त्राचा दुसरा पेपर आंतरराष्ट्रीय संबंधांचा आहे, म्हणून सगळे तिकडे ढकलतात. तुम्हाला दुसरा विषय आवडत असेल तर तोच घ्या, मुलाखतीत त्याने अडत नाही. मॉक (सराव मुलाखत) मात्र मराठीतून, दुभाषी बसवून द्या. आणि डॅफ सबमिट होईपर्यंत पसंतीक्रम कोणत्याही क्लासमध्ये दाखवू नका.