नर्सिंगचं कॉलेज निवडताना आधी हॉस्पिटल बघा

प्रश्न : मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. पीसीबीला ५८ टक्के, बीएस्सी नर्सिंगच्या सीईटीला ६४ पर्सेंटाइल. आम्ही ओबीसी, उत्पन्नाचा दाखला १ लाख ८० हजारांचा. जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटीचा अर्ज बारावीतच केलाय पण प्रमाणपत्र अजून हातात नाही. ओळखीचा एक जण बंगळूरूच्या कॉलेजचं ‘चार वर्षांचं पॅकेज’ सांगतो. त्याला बुकिंगचे ५ हजार देऊन बसलोय. आमच्या भागात एक नवीन कॉलेज निघालंय, इमारत छान आहे. पाहुणे म्हणतात, अभिमत विद्यापीठात घाला, नाव मोठं असतं. नेमके अर्ज कुठे करायचे? कुठेच नाही लागलं तर जीएनएमचा डिप्लोमा करू द्यावा का?
– एक पालक, जि. सोलापूर

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट कॉलेजची नाही, व्हॅलिडिटीची, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्राची आहे. ती हातात नसली तर ओबीसीतून लागलेली जागा टिकत नाही, मग मुलीला खुल्या प्रवर्गातून झगडावं लागतं. सरकार अधूनमधून मुदतवाढ देतं, पण त्या भरवशावर बसू नका. सोलापूरच्या जात पडताळणी समितीकडे अर्ज कुठे अडकलाय ते उद्याच बघा. बहुतेक वेळा ‘त्रुटी’ निघालेली असते आणि तिचा संदेश अर्ज भरताना सायबर कॅफेवाल्याने टाकलेल्या मोबाइल नंबरवर किंवा ईमेलवर जाऊन पडलेला असतो. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो : आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या रजिस्टरचा उतारा, नाहीतर कोतवाल बुकातली नोंद. तिथे आडनाव किंवा जात वेगळ्या पद्धतीने लिहिलेली असली की फाइल थांबते; वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडून ती पुढे सरकवावी लागते. नॉन क्रीमीलेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे का, तेही आत्ताच बघून ठेवा.

आता कॉलेजं. तुमच्यासमोर चार वाटा आहेत : सीईटी सेलची प्रवेश प्रक्रिया म्हणजे कॅप, अभिमत विद्यापीठ, परराज्य आणि जीएनएम. घरची परिस्थिती पाहता कॅप पहिली, आणि बाकीच्या तिच्यापासून बऱ्याच लांब. कारण पैशाचं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विनाअनुदानित खासगी कॉलेजातही. अट एवढीच की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या जागेला माफी नाही, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत. म्हणजे त्याच कॉलेजात, त्याच बाकावर शेजारी बसलेल्या दोन मुलींपैकी एकीला शिक्षण शुल्क शून्य आणि दुसरीला पूर्ण, असं होऊ शकतं. ‘कॅपच्या भानगडीत कशाला पडता, थेट प्रवेश देतो’ असं कुणी म्हणालं तर तो तुमची चार वर्षांची माफी घालवतोय हे लक्षात ठेवा.

माफीत होस्टेल, मेस, युनिफॉर्म, बस, पुस्तकं येत नाहीत. खरा खर्च तिथेच वाढतो. कॉलेजला मंजूर झालेली फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय मिळते; ती आधी बघा आणि मग कॉलेजकडून चारही वर्षांचा सगळा खर्च लेटरहेडवर मागा. ‘क्लिनिकल फी’ किंवा ‘पोस्टिंग चार्जेस’ अशी ओळ दिसली तर ती कशाची, ते विचारा. सरकारी रुग्णालयात विद्यार्थिनी पाठवण्यासाठी कॉलेजला पैसे भरावे लागतात आणि काही कॉलेजं ते मुलींकडून वेगळे काढतात.

अभिमत विद्यापीठांबद्दल पाहुणे अगदीच चुकीचं सांगत नाहीत. लोणीचं प्रवरा, कराडचं कृष्णा, सावंगीचं दत्ता मेघे यांच्या कॉलेजांना स्वतःची मोठी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आहेत, आणि नर्सिंग शिकायला तीच गोष्ट लागते. पण त्यांचे अर्ज वेगळे, प्रवेशाची पद्धत वेगळी आणि फीचा भार पूर्ण तुमच्यावर. शैक्षणिक कर्ज काढायची तयारी असेल तरच एखादा अर्ज भरा, आणि तोही कॅपच्या जोडीला.

कॅपची यादी कशी करायची ते सांगतो. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षीच्या फेरीनिहाय निवड याद्या काढा. प्रत्येक कॉलेजला ओबीसीतून शेवटची मुलगी किती गुणांवर लागली ते वहीत लिहा. पहिल्या फेरीचा आकडा नको, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा घ्या. मग तीन गट पाडा. वरच्या गटात सरकारी : मुंबईतलं जे.जे.च्या आवारातलं इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय परिचर्या महाविद्यालयं, शिवाय यंदाच्या माहितीपुस्तिकेत असतील ती सगळी. ६४ पर्सेंटाइलला ही अवघड दिसली तरी यादीत वरच टाका. अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालच्या कॉलेजची संधी कमी होत नाही. हा गैरसमज फार आहे आणि त्यापायी दरवर्षी मुलं मिळू शकणारी जागा सोडून देतात. मधल्या गटात जुनी, मोठ्या हॉस्पिटलची खासगी आणि ट्रस्टची कॉलेजं. सेवाग्रामचं कस्तुरबा नर्सिंग कॉलेज या जातीचं. लांब आहे, पण रुग्णालय भरलेलं असतं. शेवटच्या गटात घराजवळची, ज्यांचं हॉस्पिटल तुम्ही स्वतः जाऊन पाहिलंय तेवढीच.

पाच-सहा नावांवर थांबू नका. वीस-पंचवीस टाका. मात्र जिथे मुलीला पाठवणारच नाही असं कॉलेज यादीत नको, कारण जागा लागल्यावर नाकारली तर पुढच्या फेऱ्यांवर परिणाम होतो. आणि एकदा प्रवेश घेऊन पुढच्या फेरीत वरची पसंती लागली, की आधीची जागा आपोआप जाते. परत मागून मिळत नाही. म्हणून पसंतीचा क्रम फॉर्म भरायच्या रात्री ठरवू नका. तो आधी कागदावर, घरातल्या सगळ्यांनी मिळून पक्का करा. ‘स्टेटस रिटेन्शन’चा, म्हणजे मिळालेली जागा कायम ठेवण्याचा पर्याय कधी भरायचा ते यंदाच्या माहितीपुस्तिकेत शब्दन् शब्द वाचा.

आता त्या नवीन कॉलेजकडे येऊ. इमारत छान आहे, हे तुम्ही लिहिलंत. हॉस्पिटलबद्दल पत्रात एक ओळही नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे कॉलेजला किमान १०० खाटांचं स्वतःचं, म्हणजे पॅरेंट हॉस्पिटल लागतं, खाटा ७५ टक्के तरी भरलेल्या लागतात आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण धरतात. हिशेब करून बघा. १०० खाटा, ७५ रुग्ण, म्हणजे एका वेळी २५ मुलींना पुरेल एवढं काम. कॉलेजला ६० जागा असतील तर चार वर्षांच्या मिळून २४० मुली होतात. सगळ्या एकदम वॉर्डात नसतात हे खरं. काही वर्गात, काही कम्युनिटीला म्हणजे गावात-वस्तीत, काही बाहेरच्या पोस्टिंगला. तरी उरलेल्या कुठे जातात, हा प्रश्न राहतोच. त्यात त्याच ट्रस्टचं जीएनएम आणि एएनएमही (सहायक परिचारिकेचा कोर्स) त्याच खाटांवर चालत असेल तर मुलींना रुग्ण वाट्याला येतच नाही. चार वर्षांनंतर सलाइन लावताना हात थरथरणारी सिस्टर अशाच कॉलेजातून येते. दोष तिचा नसतो.

पॅरेंट हॉस्पिटल कुणाचं, हेही विचारा. कधी ट्रस्टमधल्या एखाद्या डॉक्टरचं नर्सिंग होम कागदावर दाखवलेलं असतं आणि मुली तिथे महिन्यातून चार दिवस जातात.

हॉस्पिटल बघायला तपासणीच्या किंवा ‘ओपन डे’च्या दिवशी जाऊ नका. साध्या मंगळवारी-बुधवारी सकाळी साडेदहाला जा, आणि जमलं तर दुपारी चारला पुन्हा. रुग्णाचे नातेवाईक म्हणून जनरल वॉर्डातून एक चक्कर मारा. किती खाटांवर खरोखर माणूस आहे ते मोजा. खाटेच्या पायथ्याशी ताप-नाडी-श्वासाचा तक्ता अडकवलेला असतो, तो दिसला तर लांबूनच नजर टाका. सकाळी साडेदहालाच संध्याकाळी सहापर्यंतच्या नोंदी भरून ठेवलेल्या दिसल्या, तर तिथे मुलगी काय शिकणार ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गणवेशातल्या विद्यार्थिनी दिसतात का? दिसल्या तर त्या रुग्णाजवळ आहेत की नर्सिंग स्टेशनला रजिस्टरं उतरवतायत? सोबत कॉलेजची कुणी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे का? तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला विचारा : डिलिव्हरी किती पाहिल्या, किती स्वतः केल्या, प्रोसिजर बुक (केलेल्या कामांची नोंदवही) कुठे पूर्ण झालं. ‘एकमेकींचं बघून लिहितो’ असं उत्तर आलं तर ते नाव यादीतून खोडा.

स्किल लॅबमध्ये मॅनिकिन म्हणजे सरावाचा पुतळा प्लॅस्टिकच्या वेष्टनात असेल तर तो वापरातला नाही. कॉलेजमध्ये फिरवून दाखवतात तेव्हा एवढं डोळ्याने टिपा, बाकी संगणक लॅब वगैरे सोडून द्या.

बाहेरच्या पोस्टिंगांचं वेळापत्रक मागा. बाळंतपणासाठी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालय, कम्युनिटीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि मनोरुग्णसेवेसाठी बहुतेक कॉलेजं येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात मुलींना नेतात. तिथल्या मुक्कामाचा खर्च कोण करतं आणि सोबत शिक्षिका राहते का, हे आधी कळलेलं बरं. आठव्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप असते, आठवड्याला ४८ तास. रात्रपाळीहून होस्टेलपर्यंत मुली कशा येतात, हा प्रश्न वडिलांनी विचारायला अजिबात लाजू नये.

कागद बघताना कॉलेजच्या नावाला नाही, अभ्यासक्रमाला मान्यता आहे का ते तपासा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या यादीत बीएस्सी नर्सिंगसमोर त्या कॉलेजचं नाव आणि जागांचा आकडा हवा, शिवाय महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता हवी, आणि दोन्ही यंदाच्या वर्षाची. नव्या संस्थांकडे पुष्कळदा जीएनएमची परवानगी असते आणि ‘बीएस्सीची येतेच आहे’ म्हणून मुली घेतल्या जातात. येईपर्यंत थांबा म्हणावं. ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पॅरामेडिकल नर्सिंग’ असल्या एका वर्षाच्या कोर्सवर कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून कुठेच उभं राहता येत नाही.

बंगळूरूबद्दल. कर्नाटकात चांगली कॉलेजं आहेत; अडचण एजंटच्या ‘पॅकेज’ची आहे. ठरलेला आकडा पहिल्या वर्षापुरता निघतो, दुसऱ्या वर्षी परीक्षा फी, होस्टेल, दंड असं वाढत जातं, आणि तोवर मूळ गुणपत्रिका कॉलेजच्या कपाटात गेलेल्या असतात. त्यात इथली शुल्कमाफी तिथे नाही. शिकून झाल्यावर आधी कर्नाटकच्या कौन्सिलकडे नोंदणी, मग महाराष्ट्रात काम करायचं तर तिथलं ना हरकत आणि पडताळणी होऊन इथली नोंदणी. यात वेळ जातो आणि भरतीच्या तारखा थांबत नाहीत. तो माणूस कॉलेजचं नाव न सांगता ‘टॉपचं कॉलेज’ एवढंच म्हणत असेल, तर कमिशन जास्त देईल तिथे तो मुलीला नेणार.

मुलीने ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिली असेल तर सैन्याच्या नर्सिंगचा अर्ज जरूर बघा. पुण्याच्या एएफएमसीसह (सैन्यदलाचं मेडिकल कॉलेज) सहा कॉलेजांत मिळून २२० जागा, फक्त अविवाहित मुलींसाठी. शिक्षण सरकारी खर्चाने आणि पुढे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये सेवेचा बाँड. स्पर्धा देशभराची आहे. नीट दिलेली नसेल तर यंदा हा विषय संपला.

जीएनएम वाईट नाही. तीन वर्षांचा डिप्लोमा, नोंदणी मिळते, पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. फरक नोकरीत पडतो : एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला बीएस्सीवाली थेट बसते, जीएनएमवालीला ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तरीही भरलेल्या सिव्हिल हॉस्पिटलमधलं जीएनएम आणि रिकाम्या खाटांच्या कॉलेजातली बीएस्सी यांत निवडायची वेळ आलीच, तर जीएनएम घ्या. अर्ज आत्ताच भरून ठेवा, कॅपच्या फेऱ्या संपायची वाट बघू नका. दोन्हीकडच्या तारखा एकमेकींसाठी थांबत नाहीत.

राहिले ते ५ हजार. त्या माणसाकडे कॉलेजच्या नावाची छापील पावती मागा. पावती असेल तर प्रवेश घेत नसल्याचं पत्र कॉलेजला ईमेलने पाठवून परतावा मागा. पावती नसेल तर पैसे गेले असं धरा. ते वसूल करण्यासाठी आणखी एक रुपया किंवा एकही मूळ कागद त्याच्या हातात देऊ नका. कॅपमधून लागलेल्या कॉलेजात मूळ कागद जमा करावे लागतील, तेव्हा प्रत्येक कागदाचं नाव लिहिलेली, शिक्का मारलेली पोच घ्या आणि त्याआधी सगळ्यांच्या पाच-पाच साक्षांकित झेरॉक्स काढून ठेवा. शिष्यवृत्तीचा, होस्टेलचा आणि बँकेचा अर्ज भरताना त्याच लागतात.