प्राग एका दिवसात होतं का? (आई-वडील सोबत आहेत, पुढे व्हिएन्ना आणि बुडापेस्ट)

तुमच्या प्रश्नातला 'होतं' हा शब्द वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. आमचे साडूही असंच म्हणायचे. प्राग होतं, व्हिएन्ना होतं, साल्झबर्ग तर जाता जाता होतं. अहो, काय होतं?

एका दिवसात नाही होत. दोन पूर्ण दिवस ठेवा, जमलं तर अडीच. आई-वडील सोबत आहेत म्हणता, मग तर बुडापेस्ट कापा. व्हिएन्ना रेल्वेने चार तासांवर आहे, बुडापेस्ट सातेक तास. म्हातारी माणसं रेल्वेत बसवायला नेताय की काही दाखवायला?

2019 च्या मे महिन्यात आम्ही सहाजण गेलो होतो. मी, बायको, साडू, मेव्हणी आणि माझे आई-वडील. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. साताऱ्यात त्यांचं चाळीस वर्षं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. सकाळी उजव्या डोळ्यात भिंग अडकवून बसायचे ते थेट जेवायलाच उठायचे. त्या डोळ्याखाली भिंगाचा वळ आहे, तो आता जाणारही नाही.

सहलीचं वेळापत्रक साडूंनी केलं होतं. वहीच्या पानावर, पट्टीने चौकटी आखून. शुक्रवारची चौकट मला तोंडपाठ आहे: 3.50 घड्याळ, 4.10 पूल, 5.00 बोट. घड्याळ म्हणजे जुन्या शहराच्या टाऊन हॉलवरचं, 1410 सालचं. त्याला वीस मिनिटं दिली होती.

चारला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. खाली शे-दोनशे माणसं मोबाइल वर धरून उभी. चार वाजले. घड्याळावरच्या सांगाड्याच्या पुतळ्याने दोरी ओढली, वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांचे पुतळे एकामागून एक डोकावून गेले, कोंबडा आरवला, टोले पडले. खेळ खलास. मिनिटभराचंही काम नाही. साडू म्हणाले, "एवढंच? चला, पूल."

गर्दी पांगली. अण्णा तिथेच, मान वर करून.

"ह्ये एक तास मागं चाललंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, सहाशे वर्षांचं घड्याळ आहे अण्णा, चालतंय हेच खूप. पण त्यांच्या मनगटावरच्या एचएमटीत चार वाजले होते आणि वर सोन्याचा काटा रोमन तीनवर होता. ती तबकडी चोवीस तासांची आहे, रोमन बारा एकदा वर आणि एकदा खाली, हेही त्यांनीच दाखवलं. शेवटी टॉवरच्या तिकीट खिडकीवरच्या मुलीला विचारलं. ती हसली. म्हणाली, उन्हाळ्यात सगळा देश घड्याळं तासभर पुढे करतो, हे आम्ही तसंच ठेवतो. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "बराबर हाय. सूर्य काय ह्यांच्या कायद्यानं चालतोय व्हय?"

पाच मिनिटांनी साडू परत आले. "अण्णा, बोट आहे पाचला."

"पाहुणं, जरा थांबा की. ही भायेरची चकती बघितली का?"

बाहेरच्या काळ्या चकतीवर जुन्या वळणाचे सोनेरी आकडे आहेत, एक ते चोवीस. अण्णांना ते वाचता येत नव्हते, म्हणून मोजत गेले. ते जुने चेक तास. तिथला दिवस पूर्वी सूर्यास्ताला संपायचा, म्हणून सूर्यास्ताला चोवीस. सूर्यास्त रोज सरकतो, म्हणून ती चकतीही वर्षभर थोडी थोडी पुढेमागे होते. काटा त्या वेळी साडेएकोणीसच्या आसपास होता. अण्णा म्हणाले, "म्हंजी दिस मावळायला साडेचार तास हायेत. साडेआठला मावळंल." पंचांगात घटका सूर्योदयापासून मोजतात, साठ घटकांचा दिवस, चोवीस मिनिटांची घटका, यांनी सूर्यास्तापासून धरलं, एवढाच फरक. आतल्या निळ्या भागावरच्या वाकड्या सोनेरी रेघांचाही अर्थ त्यांनी लावला. उन्हाचा वेळ रोज बारा भागांत वाटायचा, मग उन्हाळ्यात तास लांब आणि हिवाळ्यात आखूड. हे सगळं गाइडशिवाय. शाळा सातवीपर्यंत.

साडू आणि मेव्हणी बोटीवर गेले. आम्ही चौघे राहिलो. पाचचे टोलेही तिथेच, सहाचेही. मधल्या वेळात एक इंग्रजी बोलणारा गाइड त्याच्या घोळक्याला सांगत होता की हे घड्याळ करणाऱ्या हनुश नावाच्या कारागिराचे डोळे शहरवाल्यांनी काढले, दुसरीकडे असं करू नये म्हणून. आपल्या ताजमहालाच्या हात तोडण्याच्या गोष्टीची ही सख्खी बहीण. प्रत्यक्षात घड्याळ कादानच्या मिकुलाशने केलं, गणित यान शिंडेल या ज्योतिर्विदाचं. पण अण्णांना गोष्टच आवडली. म्हणाले, "डोळं काढत्याल, पण मजुरी येळेवर देनार न्हाईत."

साडेआठला जेवून पुन्हा चौकात आलो. काटा चोवीसवर टेकत होता आणि कडेचे दिवे लागत होते. अण्णांनी एचएमटीकडे पाहिलं, वर पाहिलं आणि फक्त "हां" म्हणाले. घड्याळ दुरुस्त झालं की गिऱ्हाइकाला देताना असंच "हां" म्हणायचे.

त्या चार तिकिटांवरून साडू आजही बोलतात. लग्न असो, बारसं असो, "यांना एका घड्याळापायी अख्खी नदी बघायची नव्हती." एकदाचं लिहून टाकतो: नदी पुलावरूनही दिसते, आणि फुकट दिसते.

आता तुमच्या कामाचं. चार्ल्स पूल सकाळी सहाला बघा, दहानंतर तिथे फक्त माणसांच्या पाठी दिसतात. किल्ल्यावर चढत जाऊ नका, 22 नंबरची ट्राम वरपर्यंत जाते. ट्रामचं कागदी तिकीट काढून पिवळ्या यंत्रात छापून घ्या. नुसतं खिशात असलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच. वरचं सेंट व्हिटस कॅथीड्रल 1344 ला सुरू होऊन 1929 ला पूर्ण झालं, त्यामुळे आपल्या बिल्डरला नावं ठेवायची सोय राहत नाही. पैसे चेक कोरुनामध्ये लागतात. 'कमिशन शून्य' अशी पाटी लावणारे दर वाईट देतात. फसलात तर पावती घेऊन तीन तासांच्या आत परत जा, हजार युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करून मागता येतो, तसा कायदाच आहे. कोळशावर फिरणारा तो गोड पावाचा गुंडाळा प्रागचा जुना पदार्थ म्हणून विकतात, तसं काही नाही, सोडून द्या. शाकाहारी असाल तर तळलेलं चीज आणि बटाटे, दोन दिवस निभतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. बोटीचे पैसे साडूंनी भरले होते आणि मी ते मागाहून दिले, तेही बायकोने दोनदा आठवण केल्यावर. शिवाय तुमच्या वडिलांना घड्याळात गोडी नसेल तर माझं अर्धं उत्तर तुमच्या उपयोगाचं नाही. त्यांना कशात गोडी आहे ते आधी विचारा आणि तेवढ्यासाठी अर्धा दिवस कोरा सोडा. आणि हो, रस्ते दगडी फरशांचे आहेत. आईचे गुडघे दोन दिवस सुजले होते, याचा दोष मी कोणावरच टाकत नाही.

पण ज्यू वस्तीचं सांगायलाच हवं. तिथल्या दफनभूमीत बारा हजारांच्या आसपास दगड एकमेकांवर रेलून उभे आहेत, जागा वाढवू देत नव्हते म्हणून थरांवर थर पुरले. शेजारच्या पिंकास सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ऐंशी हजार ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत, आडनावं लाल रंगात. मी हे पुढे ऑफिसच्या कामाने एकटा गेलो तेव्हा पाहिलं. अण्णांना पाहता आलं नाही, कारण आम्ही गेलो त्या दिवशी सगळं बंद होतं. त्यांना दिसलं ते फक्त रस्त्यावरून, ज्यू टाऊन हॉलचं दुसरं घड्याळ. हिब्रू उजवीकडून वाचतात, म्हणून त्याचे काटे उलटे फिरतात. अण्णा भर रस्त्यात मोठ्याने हसले. "एक चाक जास्ती घातलंय, दुसरं काय न्हाय."

तर शनिवारी तिकडे जाऊ नका, तो शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्यामुळे बंद असतं. आमच्या त्या वहीच्या पानावर, पट्टीने आखलेल्या चौकटीत, 'शनिवार, 10.00, ज्यू वस्ती' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आहे. पान माझ्याकडे आहे. अक्षर साडूंचं.