तालमीतल्या गुडघ्यांचा प्रश्न

प्रश्न : मॅडम, बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) करून मी दोन वर्षं राजारामपुरीतल्या एका क्लिनिकमध्ये काम करते. तालमीतले पैलवान गुडघे धरून येतात. एकाच व्यायामानं एकाला आराम पडतो, दुसऱ्याला नाही, आणि का ते मला सांगता येत नाही. हे शोधावंसं वाटतं, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या संशोधनाच्या मास्टर्सचा विचार करते आहे. घरचे म्हणतात, इथंच एमपीटी (फिजिओथेरपीची मास्टर्स) कर, नाहीतर स्वतःचं क्लिनिक टाक. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ‘का ते सांगता येत नाही’ हे तुझं वाक्य मला फार आवडलं.

आधी पदव्यांचा गुंता सोडवू. आपली एमपीटी दोन वर्षांची. तिथं एक विषय निवडून शिकायचं, रुग्ण बघायचे, परीक्षा द्यायच्या आणि सोबत प्रबंधही लिहायचा. संशोधनाच्या मास्टर्समध्ये जवळजवळ सगळा वेळ एक प्रश्न, एक मार्गदर्शक आणि प्रबंध. त्या पदवीनं ऑस्ट्रेलियात रुग्णांवर उपचार करायचा परवाना मिळत नाही. त्यासाठी तिथल्या फिजिओथेरपी कौन्सिलकडून वेगळं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. घरच्यांना हे स्पष्ट सांग. आपल्याकडची संशोधनाची एम.फिल. तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी बंदच झाली.

पण पदवी ठरवण्याआधी प्रश्न ठरव. ‘गुडघे का बरे होत नाहीत’ यावर प्रबंध होत नाही. लाल मातीच्या हौद्यात लढणारे आणि मॅटवर सराव करणारे, यांच्या गुडघ्यांच्या तक्रारी वेगळ्या असतात का, यावर होतो. वय कोणतं, दुखापत कोणती, काय मोजणार, किती आठवड्यांनी, हे एका पानात लिहून काढ. परदेशातल्या मार्गदर्शकाला पहिलं पत्र पाठवताना हेच पान सोबत जोडायचं.

माझा प्रबंध हुपरीत झाला. जमिनीवर बसून, मान खाली घालून चांदीचे पैंजण जोडणाऱ्या बायकांच्या मान-पाठदुखीवर. शरीरात कुठं कुठं दुखतं ते विचारणारी १९८७ सालची नॉर्डिक प्रश्नावली मी मराठीत केली आणि पानं वाचवायला तिच्यातलं शरीराचं चित्र वगळलं. चाळीस बायकांचे फॉर्म भरून झाल्यावर एक मावशी म्हणाल्या, “मान न्हाई वो, खांदा भरून येतो,” आणि हात ठेवला तो मानेच्या मुळाशी. माझा ‘खांदा’ वेगळा, त्यांचा वेगळा! चाळीसही फॉर्म बाद झाले. जेवढं काम तेवढी मजुरी असलेल्या त्या बायकांना मी पुन्हा बसवलं, या वेळी चित्र पुढं ठेवून. त्यांचा तो वाया घालवलेला वेळ मला अजून सलतो. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी पाच जणांवर फॉर्म तपासून बघायला लावते, मगच पुढं जाऊ देते.

तूही महिनाभर करून बघ. क्लिनिकच्या डॉक्टरांना आणि रुग्णाला विचारून, एकाच गुडघ्याचा वाक गोनिओमीटरनं, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या साधनानं, दोन वेगळ्या दिवशी मोज, पहिला आकडा न बघता. दोन आकड्यांत किती फरक पडतो ते वहीत लिही. आकडे जुळेनात आणि तू ‘कुठं चुकलं’ म्हणून वही घेऊन बसलीस, तर संशोधनाकडं जा. याचा कंटाळाच आला, तर एमपीटी कर, त्यात कमीपणा काहीच नाही. रात्री पेड्रो उघड. फिजिओथेरपीच्या उपचारांवर झालेल्या चाचण्यांचा हा ऑनलाइन संग्रह १९९९ पासून फुकट आहे, आणि तिथं चाचण्यांना दहापैकी गुण दिलेले असतात. कमी गुणांच्या चाचण्या मुद्दाम वाच. गुण कुठं गेले ते शोधताना खूप कळतं.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना एकच विचार : सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळ समोर बसतात? आणि उपचाराची चाचणी करणार असशील तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि सीटीआरआयवरची (अशा चाचण्यांच्या भारतातल्या नोंदवहीतली) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी. नोंदणीला पैसे लागत नाहीत, पण नंतर करून चालत नाही.

तालमीत मात्र आधी वस्तादांना भेट. त्यांनी हो म्हटल्याशिवाय एकही पोरगा तुझ्यापुढं गुडघा उघडा करणार नाही. सकाळचा सराव संपल्यावर जा, आणि पहिल्या दिवशी गोनिओमीटर घरीच ठेव.