धुऱ्यावरचा दगड हलवू नका, शाळिग्राम मात्र सोबत न्या

ताई, वडील गेल्यावर तुम्ही गावचं वावर विकायला काढलंय. त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेंदूर लावलेला एक दगड आहे आणि घरच्या देवघरात तडा गेलेला शाळिग्राम आहे. या दोघांचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंत. शाळिग्राम बाईनं पुजू नये असं काकांनी सांगितलं, म्हणून तो नदीत सोडावा का, हेही विचारलंत. आणि अगदी शेवटी, दगडात खरंच देव असतो का, हे.

मी वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात राहतो, कापूस-तुरीची शेती करतो. आमच्याकडे हे दोन्ही दगड आहेत आणि त्यातल्या एकाच्या बाबतीत माझ्या हातून मोठी चूक झाली होती. ती सांगतो, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. धुऱ्यावरचा देव जागेचा असतो, त्याला पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेऊ नका. शाळिग्राम माणसांचा असतो, त्याला नदीत सोडू नका.

आमच्या वावराच्या पूर्वेच्या धुऱ्यावर निंबाखाली वाघोबा आहे. गुडघ्याएवढा दगड, ना डोळे ना तोंड. पेरणीच्या दिवशी तिफण आधी त्याच्यापुढे टेकवायची, नारळ फोडायचा, मग पहिलं तास काढायचं. बोरचं जंगल इथून लांब नाही. 2014 साली त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला, पण वाघ त्याच्या कितीतरी आधीपासून येतात-जातात. गुराखी, निंदायला येणाऱ्या बाया, जागलीला जाणारे, सगळे त्या वाटेनं जाताना क्षणभर थांबून हात जोडायचे.

सात वर्षांपूर्वी धुरा सरळ करायला मी जेसीबी लावला. बाबा तेव्हा दवाखान्यात होते. दगड मशीनखाली येऊ नये म्हणून आम्ही तो हातांनी उपटला, ट्रॉलीत गवत घालून त्यावर ठेवला आणि घरी आणला. अंगणात टाइल्सचा ओटा बांधला, वर पत्र्याची सावली केली. मला मनापासून वाटलं की उन्हापावसात उभा असलेल्या देवाची मी सोय केली.

ट्रॉलीतून उतरवताना शेंदराची खोळ सुटली. बोटभर जाड होती. तुटलेल्या कडेला पदर दिसत होते, कुठे गडद, कुठे फिकट केशरी, मध्ये एक बेगडाचा तुकडा आणि तेलात मुरलेले दोन तांदूळ. माझ्या आजाच्या हातचा शेंदूर त्यात कुठेतरी होता. आणि खाली निघाला आमच्याच वावरातला काळा दगड, एका बाजूला गारगोटीचा पांढरा ठिपका असलेला. असे दगड दर उन्हाळ्यात नांगराच्या फाळाला लागतात आणि आम्ही ते उचलून धुऱ्यावर फेकतो. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिलो. खरं सांगतो, त्या दिवशी माझी श्रद्धा कमी झाली नाही, उलट अंगावर काटा आला. इतक्या साध्या दगडाला किती पिढ्यांनी हात लावला होता!

बाबा घरी आले, ओट्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "त्याचं काम तिकडं होतं. इथं तो काय राखीन?"

मला ते लागलं, पण मी ऐकलं नाही. पोळ्याला बैल घेऊन धुऱ्याकडे गेलो तेव्हा निंबाच्या बुडाशी दुसरा दगड उभा होता. ताजा शेंदूर, जळालेल्या दोन उदबत्त्यांच्या काड्या, एक झेंडूचं फूल. कुणी उभा केला ते आजवर कळलं नाही, मी विचारलंही नाही. त्या वाटेनं जाणाऱ्यांना तिथं देव हवा होता आणि त्यांनी तो परत आणला होता. माझ्या अंगणातल्या टाइल्सच्या ओट्यावर मात्र आमच्या घरच्यांशिवाय एक माणूस आला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी आमचा दगड परत नेला. आता दोघे शेजारी शेजारी उभे आहेत, दोघांनाही नारळ फुटतो.

म्हणून म्हणतो, तुमचा धुऱ्यावरचा देव तुमच्या एकट्याच्या घरचा नाही. वावर तुमच्या नावावर आहे, तो नाही.

आता दगडात देव असतो का, याबद्दल. आपल्या घरातच बघा. बाळंतिणीच्या पाचवीला पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा होते. बारशाला त्याच वरवंट्याला कुंची घालतात, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत या हातातून त्या हातात देतात. दुसऱ्या दिवशी त्याच वरवंट्यानं मिरची वाटली जाते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. कापसाच्या पहिल्या वेच्याला आमच्याकडे सीतादही करतात. माझी आई वावरातलेच पाच खडे उचलते, पाण्यानं धुते, पऱ्हाटीच्या झाडाखाली मांडते. हळदकुंकू लावते, नुकत्याच फुटलेल्या बोंडातला कापूस त्यांना वस्त्र म्हणून वाहते आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवते. ते पाच खडे तासाभरासाठी देव असतात. नंतर ते पुन्हा मातीत मिसळतात, पुढच्या वर्षी दुसरे पाच. त्या तासाभरात आईचा चेहरा बघितला तर हे खडे आहेत की देवी, हा प्रश्न मनात येतच नाही.

आमच्या विदर्भात ही ओढ फार जुनी आहे. नागपूरजवळ जुनापाणीला महापाषाण काळातली सुमारे 300 शिळावर्तुळं आहेत. ती मृतांची स्मारकं आहेत, पूजेची नव्हेत, पण आपलं माणूस जिथं ठेवलं तिथं दगड उभा करायचा, ही रीत लोखंडाच्या काळापासूनची. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला जाऊन या. महानुभाव पंथ इतर देवदेवतांची पूजा मानत नाही, तरी चक्रधरस्वामी आणि त्यांचे गुरू गोविंदप्रभू जिथं बसले, जिथं टेकले, त्या जागांचे ओटे तिथं बांधले आहेत आणि त्यांचा स्पर्श झालेले पाषाण भक्त जिवापाड जपतात. माहूरच्या रेणुकेचाही तांदळाच आहे, पूर्ण घडवलेली मूर्ती नाही, आणि अर्धा विदर्भ तिला कुळाची आई म्हणतो. मला जे कळलं ते एवढंच, की दगड विसरत नाही. माणसानं वाहिलेलं तो धरून ठेवतो. मी त्यालाच देव मानतो.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे. नवसापायी त्या दगडापुढे कोंबडं-बकरं कापणं आमच्या घरी आजाच्या काळातच बंद झालं. गाडगेबाबा (1876–1956) आमच्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातले. देवापुढे बळी देणाऱ्यांना त्यांनी कीर्तनातून जन्मभर फटकारलं आणि ते बरोबरच होतं. तुमच्या दगडापुढे अजून कुणी असं करत असेल, तर जायच्या आधी तेवढं नक्की थांबवा.

शाळिग्रामाची गोष्ट वेगळी आहे, कारण तो मुळातच प्रवासी आहे. तो नेपाळात काली गंडकीच्या पात्रात सापडतो, मुक्तिनाथच्या वाटेवर. हिमालय उभा राहायच्या आधी तिथं समुद्र होता. त्यातल्या अ‍ॅमोनाइट नावाच्या, शंखासारख्या वेटोळ्या कवचाच्या प्राण्यांचे ते जीवाश्म. सुमारे 14 ते 16 कोटी वर्षांपूर्वीचे. आपण ज्याला चक्र म्हणतो ती त्या कवचाची वळणं आहेत. हे कळल्यावर काहींना वाटतं की देवपण गेलं. मला तर ते वाचल्यापासून अभिषेक करताना हात अधिक हळू होतात. तळहातावर मावेल एवढ्या गोट्यात एक अख्खा समुद्र थिजलाय आणि तो चालत, खांद्यावरून, कुणाच्या तरी पडशीतून विदर्भापर्यंत आलाय.

शाळिग्राम आणि नर्मदेतला बाण, म्हणजे शिवलिंग म्हणून पुजतात तो गोटा, या दोघांना प्राणप्रतिष्ठा लागत नाही. ते स्वयंभू मानले जातात, त्यांना आवाहनही नाही आणि विसर्जनही नाही. म्हणून नदीत सोडायचा प्रश्नच येत नाही. तड्याचंही मनाला लावून घेऊ नका. खंडित मूर्ती पुजू नये हा नियम घडवलेल्या मूर्तीचा, शाळिग्राम तडकला तरी पूज्यच राहतो असं परंपरा सांगते. बऱ्याचदा तो गोटा फुटल्यावरच आतलं चक्र दिसतं.

राहिलं काकांचं म्हणणं. बाईनं शाळिग्रामाला शिवू नये, अशी वचनं आहेत हे खरं. पण अधिकार देणारी वचनंही ग्रंथांत आहेत, काकांनी एकच बाजू सांगितली. आमचा आजा गेला तेव्हा बाबा लहान होते. त्यानंतर आजीनंच आमच्या शाळिग्रामाची पूजा केली, अगदी डोळे जाईपर्यंत. डोळे गेल्यावर ती बोटांनी चक्र शोधायची आणि बरोबर तिथंच तुळशीचं पान ठेवायची. तुळशीच्या लग्नाला ज्वारीच्या धांड्याच्या मांडवात नवरदेव म्हणून तोच बसायचा, आणि त्याला आंघोळ घालून आणायची ती आजीच. त्या घरात कुणाचं वाईट झालं नाही. तुमच्या वडिलांनी रोज हातात घेतलेला दगड त्यांच्या लेकीनं हातात घेऊ नये, हे मला पटत नाही आणि तुम्हीही पटवून घेऊ नका.

पूजा सोपी आहे. साध्या पाण्यानं आंघोळ, मऊ फडक्यानं पुसणं, गंध आणि तुळशीपत्र. अक्षता वाहत नाहीत. एखाद्या दिवशी राहून गेलं तर अपराध वाटून घेऊ नका. खरंच जमणार नसेल, तर ज्या नातेवाइकाकडे रोज दिवा लागतो त्याच्याकडे द्या, पण पाण्यात टाकू नका.

आणि धुऱ्यावरच्या देवासाठी एवढं करा. सौदा झाला की नव्या मालकाला सोबत घेऊन एकदा तिथं जा. सातबाऱ्यावर वाघोबा लिहिलेला नसतो, तो तोंडीच सांगावा लागतो. तुमचे वडील कोणत्या दिवशी नारळ फोडायचे, कुणाच्या घरच्या बाया तिथं येतात, कोणती वाट मोकळी ठेवावी लागते, हे सगळं सांगा. शेंदूर तेलात कालवून एक बोट तुम्ही लावा, दुसरं त्याला लावू द्या. ऑइल पेंट आणला असेल तर परत न्यायला सांगा, त्याखाली दगड तेल पीत नाही. शेंदरात बहुधा शिसं असतं, म्हणून दोघांनीही हात नीट धुवा आणि लेकरांना वाटीत हात घालू देऊ नका. नारळाचा अर्धा तुकडा त्याच्या घरी पाठवा, अर्धा तुम्ही पुण्याला घेऊन जा.