झोन बदलताना पर्यावरणाची तपासणी होते का, आणि हरकतीचा काही उपयोग असतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या खाडीलगतच्या ११ एकर भातशेतीचा झोन (विकास आराखड्यात जमिनीचा ठरवलेला वापर) बदलून तिथे सात मजली इमारतींना वाट मोकळी करणारी जाहिरात पेपरात आली आहे. नगरसेवक म्हणतात, 'पर्यावरणाचं सगळं तपासूनच होणार.' तर ही तपासणी नेमकी केव्हा होते, आणि हरकत देऊन काही होतं का.

पहिल्याचं उत्तर: झोन बदलताना होत नाही. दुसऱ्याचं: होऊ शकतं, पण माझं झालं नाही, आणि त्यात निम्मी चूक माझी होती. मी बावीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते (बाई असली तरी ड्राफ्ट्समनच म्हणतात). शिवाय आमच्या घरालगतचा मळा आराखड्यात असाच हिरव्याचा पिवळा, म्हणजे शेतीचा रहिवासी झालेला बघितलाय. त्यामुळे लांबलं तर चालवून घ्या.

तुमची जाहिरात १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ ची असणार. आधी सभेत ठराव, मग जाहिरात, एक महिना हरकती-सूचना, सुनावणी, आणि शेवटी प्रस्ताव शासनाकडे. या कलमाचं नाव 'किरकोळ फेरबदल' आहे. अकरा एकर मळा किरकोळ! पण त्याच कलमात एक अट आहे, की आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. तुमच्या हरकतीचा पहिला मुद्दा हाच करा. नगररचनावाले रस्त्याची रुंदी बघतात, आजूबाजूला काय बांधलंय ते बघतात, पाणी-गटाराबद्दल एक ओळ लिहितात. पावसाळ्यात त्या जमिनीवर काय होतं हा रकाना फॉर्ममध्ये नसतो.

पर्यावरणाची म्हणून जी तपासणी म्हणतात ती केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेची. ती प्रकल्प बघते, झोन बघत नाही. बांधकाम २०,००० चौरस मीटरपर्यंत पोचलं तरच फाईल राज्याच्या समितीकडे जाते. दीड लाखापासून पुढे टाउनशिपचा गट. बरं, गेली तरी इमारतींना जनसुनावणी माफ. कारखाना आला तर मांडव घालून, माईक देऊन तुम्हाला विचारतात. पाचशे फ्लॅट आले तर कोणी विचारत नाही. तोवर झोन बदललेला असतो, जमीन विकलेली असते, बुकिंग घेतलेलं असतं. मग समिती फार तर सांगणार, सांडपाण्याचा प्लांट बसवा, झाडं लावा.

आणि वीस हजारांच्या आत कसं बसवतात ते मला विचारा, कारण ते मी बसवलेलं आहे. साहेब टेबलाशी येऊन म्हणायचे, "वीसच्या आत घे." मग एकाच गटाचे दोन भाग, मधे सहा मीटरचा रस्ता, दोन नावं, दोन फाईली. दुसरी युक्ती याहून सोपी. एफएसआयमध्ये (जमिनीच्या किती पट बांधता येतं तो आकडा) पार्किंग, जिने वगैरे बरंच काही मोजत नाहीत, म्हणून एफएसआयचाच आकडा बांधकाम म्हणून दाखवायचा. पर्यावरण मंजुरीसाठी मात्र सगळे मजले, तळघर, सेवांची जागा, सगळं धरून मोजायचं असतं. २०११ च्या दुरुस्तीत तसं स्पष्ट लिहिलंय. तुमच्या ११ एकरांचे साधारण ४४,५०० चौरस मीटर होतात. मूळ एफएसआय १.१०, वर पैसे भरून मिळणारा प्रीमियम आणि दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क, म्हणजे टीडीआर. ही जागा एकत्र विकसित झाली तर वीस हजारांच्या आत राहूच शकत नाही. कोणी राहते म्हणालं तर कागदावर तुकडे पडलेत असं समजा.

आता आमचं. गावाचं नाव लिहीत नाही, रत्नागिरी जिल्हा एवढं पुरे. आमचं घर आणि आगर खालच्या अंगाला, वर मळा, त्याच्या वर सडा, म्हणजे कातळाचं पठार. सड्यावरचं पाणी एका पऱ्याने, म्हणजे पावसाळी ओढ्याने, मळ्यातून, आगराच्या कडेने खाडीला जातं. तोंडाशी खारं पाणी अडवणारा खारबांध आणि त्यात पाणी सोडायचं दार, म्हणजे उघाडी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला उघाडीचं झाप आपोआप मिटतं, खारं पाणी आत येत नाही. पण तेवढे तास पावसाचं पाणीही बाहेर जात नाही. ते पाणी मळ्यातच थांबायचं. मळा म्हणजे आमची टाकीच होती म्हणा. एक साधा हिशेब सांगते. चार इंच, म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस अकरा एकरांवर पडला तर ४४ लाख लिटरच्या वर पाणी होतं. दहा हजार लिटरचे साडेचारशे टँकर. बांध धड असलेलं खाचर ते पोटात घेतं. चार इंच हा आमच्याकडे काही विशेष पाऊस नाही, जुलैत दुपारच्या जेवणापर्यंत पडतो.

मळ्याचा मोठा वाटा माझ्या चुलतभावाचा, आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याने तो विकला. विकला याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मुलगा मुंबईला, भात लावायला माणूस मिळत नाही, लावलं तर डुक्कर खातात. २०१२ मध्ये झोनबदलाची जाहिरात आली, मी अकरा पानी हरकत दिली, सुनावणीला बोलावणं आलं.

स्थळपाहणी झाली होती मार्चमध्ये. मार्चमध्ये आमचा पऱ्या म्हणजे चार दगड आणि मधे बसलेली एखादी म्हैस. अहवालात लिहिलं होतं, 'जागेवर नैसर्गिक जलप्रवाह आढळून येत नाही.' मी सुनावणीत तेच वाचून दाखवलं आणि म्हटलं, इथे पऱ्या आहे. दादा पलीकडच्या खुर्चीवर बसला होता. तो उठून शांतपणे म्हणाला, "पऱ्या कसला? सांडपाण्याचं गटार आहे ते. उडी मारून जाता येतं."

इथे माझं डोकं गेलं. त्या पऱ्यावर साकव, म्हणजे लाकडी पूल होता. पोफळीची दोन खोडं आणि हाताला बांबू, दर वर्षी गणपतीच्या आधी नवा घालायचो. १९७९ च्या श्रावणात त्याच साकवावरून दादा पडला आणि त्याचा डावा हात मोडला. अजून कोपरात सरळ होत नाही. मी भर सुनावणीत विचारलं, "दादा, गटारावर साकव कोण घालतं? तुझा हात कुठे मोडला ते साहेबांना सांग की." दादा म्हणाला, "मी बांधावरून पडलो गो, तू तेव्हा एवढीशी होतीस, तुला काय आठवतंय?" मी म्हटलं, मी नऊ वर्षांची होते, आणि काकूला बोलवायला मीच धावले. मग काकू काय म्हणाली, वैद्य कोण होता, बांबूच्या पट्ट्या कोणी बांधल्या. सात-आठ मिनिटं गेली. साहेब हसत होते, शिपाईसुद्धा हसत होता. मग पुढचं नाव पुकारलं.

अहवालात आलं: 'हरकतदार यांचे म्हणणे वैयक्तिक वादाच्या स्वरूपाचे असल्याने अमान्य.' आता तुम्हीच सांगा, साहेबांचं काय चुकलं?

माझ्या अकरा पानांत खंड्या होता, बगळे होते, आजोबांच्या आठवणी होत्या, 'निसर्गाचा ऱ्हास' हा शब्द चार वेळा होता. पऱ्याची रुंदी नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांची मोजमापं काढली आणि घरामागच्या पऱ्याला टेप लावली नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, भावना घरी ठेवा. भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची नक्कल घ्या, त्यावर ओढे-नाले काढलेले असतात. एकदा नाला म्हणून नोंद मान्य झाली की त्याला अंतर सोडावं लागतं, वळवायचा तर रीतसर विचारावं लागतं. जाहिरात आता आली असेल तर याच पावसात रुंदी आणि खोली मोजा, काठी उभी करून तारखेसकट फोटो काढा. नदीला जलसंपदा खातं पूररेषा आखतं, निळी २५ वर्षांच्या पुराची, लाल १०० वर्षांच्या. तुमच्या जागेवरून ती जात असेल तर नकाशा जोडा. पण आमच्यासारख्या पऱ्याला रेषा कोण आखणार, तिथे तुमची काठीच. भूजल सर्वेक्षणवाले ठराविक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेतात, जवळची विहीर असेल तर आकडे माहिती अधिकारात मागा. पाण्याचाही हिशेब घाला: पाचशे फ्लॅट, पाच माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला सव्वातीन लाख लिटरच्या वर. मे महिन्यात दिवसाआड पाणी सोडणारी नगरपरिषद ते कुठून आणणार, हा प्रश्न लेखी विचारा. तोंडी विचारलेल्याला किंमत नाही. पोच घ्या, शिक्क्यासकट.

खाडीजवळ आहात तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेला पट्टा बघा. तो झोनवर अवलंबून नाही. २०११ च्या नियमात भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं कमी ते. २०१९ च्या नियमात शंभराचे ५० झाले. तिवरं (खारफुटी) असतील आणि ती १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त जागेत असतील तर भोवती ५० मीटरचा पट्टा सोडावा लागतो. तिवरं आजच मोजा. जाहिरातीनंतर तिवरं सुकायला लागतात, हा योगायोग मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलाय.

आणि सर्वोच्च न्यायालयाचा १० जानेवारी २०२३ चा चंदीगडचा निकाल हरकतीत घाला. तिथे एका कुटुंबासाठीच्या घरांचे मजल्यामजल्याने फ्लॅट करण्याचा वाद होता. न्यायालयाने ते थांबवलं, आणि शहरांच्या विकासाला परवानगी देण्याआधी पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास व्हावा अशी तरतूद करा, असं कायदे करणाऱ्यांना आणि सरकारांना आवाहन केलं. आवाहनच आहे, सक्ती नाही, पण सुनावणीच्या टेबलावर त्याचं वजन पडतं. माझ्या साकवापेक्षा नक्कीच जास्त.

आमच्या मळ्यात दोन मीटर भराव पडला, बिल्डिंगी झाल्या, पऱ्याला सिमेंटचे पाइप घातले. फाईली अर्थात दोन झाल्या (आमच्या ऑफिसातून नाही, हे सांगितलेलं बरं). २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाड बुडालं, त्या आठवड्यात आमच्या माजघरात पाणी आलं. दारातून नाही आलं. आधी मोरीतून बुडबुडे, मग काळं पाणी, मग वाळवून ठेवलेल्या सुपाऱ्या तरंगत देवघरापर्यंत गेल्या. बिल्डिंगीचं पार्किंग कोरडं ठणठणीत. भराव घातलेल्याला पूर येत नाही, तो खालच्याला येतो. एवढी एक गोष्ट सगळे अहवाल मिळून सांगत नाहीत, कारण अहवाल प्रकल्पाच्या हद्दीच्या आत बघतात आणि पाणी हद्दीच्या बाहेर जातं. त्या रात्री आम्हाला खिचडी आणि कोरडी चादर दिली ती मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

एक राहिलं. मी इमारतींच्या विरुद्ध आहे असं वाटेल, तसं नाही. माझी मुलगी फ्लॅटमध्ये राहते, आणि कोकणात घराला जागा हवीच आहे. गावठाणालगत उंच जागी चार मजले चढवले तर मी टाळ्या वाजवीन. 'सगळं सड्यावर न्या' म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही, कातळावर काही उगवत नाही असं समजणाऱ्याने ऑगस्टमध्ये एकदा वर जाऊन यावं. शिवाय रायगडकडे, एमएमआरच्या (मुंबई महानगर प्रदेशाच्या) हद्दीत वगैरे असाल तर प्राधिकरण वेगळं असू शकतं, ते आधी बघून घ्या. पुढे प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळालीच तर पुण्याच्या हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, फार तर आणखी ६० दिवसांची सवलत. त्याला वकील लागेल, मी नव्हे.

गाव नकाशाची नक्कल मी नंतर आणलीच. पऱ्या त्यावर दोन रेषांनी काढलाय, एका नव्हे. लॅमिनेट करून दादाला दाखवली, तर म्हणाला, "इंग्रजांच्या वेळी असेल."

गेल्या गणपतीत त्याचा नातू मांडीवर बसून कोपराशी चाळा करत होता. "आजोबा, तुमचा हात असा वाकडा का?" दादा मोदक फोडता फोडता म्हणाला, "साकवावरून पडलो रे लहानपणी." पंगतीत बारा माणसं होती. मी तूप वाढत होते, काही बोलले नाही. तारीख मात्र लिहून ठेवली आहे.