वाचकांचे प्रश्न : नवे इंडी अल्बम कुठून ऐकायला घ्यावेत?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आजवर घरात ख्याल, नाट्यसंगीत आणि मेहदी हसन यांच्या गझला एवढेच ऐकले. महाविद्यालयात शिकणारी नात इंडी (मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, स्वतंत्रपणे निघणारे) आणि अल्टरनेटिव्ह (रूढ पठडीबाहेरचे) अल्बम ऐकवते, तेव्हा ढणढणाटापलीकडे मला काही सापडत नाही. इंग्रजी शब्दही कळत नाहीत. नवे ऐकण्याची इच्छा मात्र आहे. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ज्याची कानाला सवय आहे तिथूनच निघावे. अरूज आफताब या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणाऱ्या पाकिस्तानी गायिकेचा ‘व्हल्चर प्रिन्स’ (२०२१) आपल्यासाठी योग्य ठरेल. त्यातील ‘मोहब्बत’ म्हणजे हफीज होशियारपुरी यांची ‘मोहब्बत करने वाले कम न होंगे’ ही गझल, जी आपण मेहदी हसन यांच्या आवाजात अनेकदा ऐकली असेल. येथे ती साडेसात मिनिटांहून अधिक चालते, गिटारच्या संथ आवर्तनांवर तरंगत राहते आणि गायिका शब्दांना कुठेही घाई करत नाही. मेहदी हसन एकेका शब्दाला वेगवेगळ्या हरकतींनी सजवतात, तर अरूज तोच शब्द जवळजवळ सपाट ठेवून त्याच्याभोवती शांतता सोडतात. दोन्ही लागोपाठ ऐकल्यास हा फरक चटकन लक्षात येईल. याच गाण्याला २०२२ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

त्यानंतरचा ‘नाइट रेन’ (२०२४) मला अधिक धीट वाटतो. त्यातील ‘ना गुल’ आणि ‘साकी’ या गाण्यांना माहलका बाई चंदा यांच्या काव्याचा आधार आहे. अठराव्या शतकात औरंगाबादेत जन्मलेल्या आणि पुढे हैदराबादच्या दरबारात नावारूपाला आलेल्या या कवयित्रीची गणना उर्दूत स्वतःचा दिवाण (काव्यसंग्रह) असलेल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांमध्ये होते. आपल्याच मातीतील ही कवयित्री न्यूयॉर्कमार्गे आपल्यापर्यंत परत यावी, याचा आनंद मानावा की खंत, हे मला ठरवता आलेले नाही. हा दुसरा अल्बम एका मोठ्या समूहाच्या लेबलने, म्हणजे संगीत कंपनीने, काढला असल्यामुळे तो काटेकोरपणे इंडी नव्हे, अशी हरकत नातीने घेतल्यास ती खुशाल मान्य करावी.

इंग्रजी न कळण्याचा अडसर तर आपोआपच दूर होतो, कारण या क्षेत्रातील कितीतरी उत्तम संगीत इंग्रजीत नाहीच. नायजर देशातील, सहारा वाळवंटातल्या तुआरेग समाजाचे गिटारवादक एमदू मोक्तार तमाशेक भाषेत गातात. लहानपणी त्यांनी पहिली गिटार स्वतःच्या हाताने बनवली आणि तिला तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या वायरी लावल्या. त्यांचा ‘फ्यूनरल फॉर जस्टिस’ (२०२४) फ्रान्सच्या वसाहतवादावर आणि आफ्रिकी सत्ताधीशांवर उघड तुटून पडतो. तो मात्र सुरुवातीला आपल्याला ढणढणाटच वाटेल. म्हणून आधी ‘टीअर्स ऑफ इन्जस्टिस’ (२०२५) ऐकावा. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये सत्तापालट झाला तेव्हा मोक्तार यांचा बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर होता आणि त्याची मायदेशी परतण्याची वाट बंद झाली. त्यानंतर त्यांनी ‘फ्यूनरल फॉर जस्टिस’मधीलच गाणी विजेच्या गिटारीविना, बैठकीत बसल्यासारखी पुन्हा मुद्रित केली. ही शांत आवृत्ती ओळखीची झाली की मूळ अल्बममधील गोंगाटाखालची चाल आपोआप ऐकू येऊ लागते.

प्रश्न : नोकरी आणि लोकलचा प्रवास यांत पूर्ण अल्बम ऐकण्याइतका वेळच उरत नाही. एकेक गाणे ऐकले तर बिघडते का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : बिघडत काहीच नाही. तरीही लॉस एंजेलिसच्या जेसिका प्रॅट यांचा ‘हिअर इन द पिच’ (२०२४) एकदा सलग ऐकून पाहावा. नऊ गाणी, अवघी सत्तावीस मिनिटे. एका बाजूच्या प्रवासातच तो संपेल. आवाज अगदी हळुवार असल्यामुळे गर्दीच्या डब्यात चांगल्या हेडफोनशिवाय मात्र त्यातले काही हाती लागणार नाही.

प्रश्न : मोबाइलवरील ॲप मला सतत त्याच त्या धाटणीची गाणी सुचवते. खरोखर नवे कसे शोधावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण आधी जे ऐकले त्यासारखेच पुढे ठेवणे हे ॲपचे कामच आहे. शिवाय जे ॲपवर नाहीच, ते ॲपने सुचवावे तरी कसे? कॅनडाच्या सिंडी ली यांचा ‘डायमंड ज्युबिली’ मार्च २०२४ मध्ये आला तेव्हा तो स्पॉटिफायवर नव्हता. यूट्यूबवर एकच सलग ध्वनिफीत आणि जुन्या वळणाच्या एका साध्या संकेतस्थळावर ऐच्छिक देणगी देऊन उतरवून घेण्याची सोय, एवढाच कारभार होता. बत्तीस गाणी आणि दोन तासांहून अधिक लांबी असूनही जाणत्या श्रोत्यांनी तो तोंडोतोंडी जगभर पोहोचवला. माझ्या मते त्यातील काही गाणी गाळता आली असती, पण साठच्या दशकातील जुनाट रेडिओवर ऐकू यावे तसे ते धूसर सूर पुष्कळ दिवस मनात घोळत राहतात.

व्यवहारात सांगायचे तर, आवडलेल्या अल्बमचे श्रेय वाचण्याची सवय लावून घ्यावी. लेबल कोणते, निर्मिती कोणाची, गिटार कोणी वाजवली, ही नावे धरून पुढे गेले की दोन-तीन पावलांत आपण ॲपच्या कुंपणाबाहेर असतो. बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर हे सोपे पडते. तेथे डिजिटल विक्रीतील साधारण पंधरा टक्के कंपनी ठेवते आणि व्यवहाराचे शुल्क वजा जाता उरलेली रक्कम कलावंताकडे किंवा त्याच्या लेबलकडे जाते. ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटाही सोडते, तेव्हा खरेदी शक्यतो त्याच दिवशी करावी.

प्रश्न : आपल्याकडे, विशेषतः मराठीत, असे काही घडते आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचे ‘बिस्मिल्लाह’ (२०१९) आणि ‘बेटा’ (२०२४) हे अल्बम अवश्य ऐकावेत, भाषा बहुतांशी इंग्रजी असली, तरी लग्नाच्या बँडची आठवण करून देणारी वाद्ये त्यात अधूनमधून डोकावतात. मराठीत सुटी गाणी पुष्कळ येतात, परंतु आरंभापासून शेवटपर्यंत एका सूत्रात बांधलेले अल्बम मला कमी आढळतात. मराठी ऐकायचे तर मुंबईच्या ‘स्वदेशी’ या हिपहॉप समूहाकडे वळावे. त्यांच्या रचनांमध्ये हिंदी, बंगाली यांच्या जोडीने एमसी मवाली यांचे रांगडे मराठी रॅप असते, आणि ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) या गाण्यात आरे जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज थेट ऐकू येतो. आरेतील वृक्षतोडीचा वाद पेटलेला असतानाच ते गाणे आले होते. पहिल्यांदा ऐकताना तालाकडे लक्ष जाईल. दुसऱ्यांदा केवळ भोईरांच्या शब्दांसाठी ऐकावे.