घरात तान्हं बाळ आहे. डास जास्त घातक की डास मारायची औषधं?

तुमचं बाळ चार महिन्यांचं आहे. डासांची भीती वाटते म्हणून रात्रभर लिक्विड लावता आणि लिक्विडची भीती वाटते म्हणून मध्येच उठून ते बंद करता, असं तुम्ही लिहिलंय. घरोघरी फिरून साठवलेल्या पाण्यात अळ्या शोधणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मला दारोदारी ऐकू येतो.

२०२३ साली एकट्या हिवतापाने जगात जवळपास सहा लाख माणसं गेली, त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. डेंग्यू, हत्तीरोग वेगळेच. नीट वापरलेल्या लिक्विडचा धोका याच्या जवळपासही जात नाही. त्यातली ट्रान्सफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिन ही रसायनं शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातल्या कीटकनाशकाच्या धर्तीवर बनवलेली आहेत. ती डासाच्या मज्जातंतूंवर घाला घालतात. माणसाचं शरीर मात्र ती बऱ्यापैकी लवकर मोडून बाहेर टाकतं. तरी बंद खोलीत खोकला येणं, डोळे चुरचुरणं, दमेकऱ्याचा त्रास बळावणं हे होतं. खिडकी थोडी उघडी ठेवा आणि मशीन बाळाच्या डोक्याशी नको. घरात मासे असतील तर त्या खोलीत तर नकोच, माशांना ही औषधं फार बाधतात.

खरी भीती मला त्या बाटलीची वाटते. मूल रांगायला लागलं की प्लगपर्यंत हात पोचतो. आतलं औषध बहुधा रॉकेलसारख्या तेलात विरघळवलेलं असतं आणि गिळताना ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखी अवस्था होते. असं झालंच तर उलटी करवू नका, बाटली हातात घेऊन थेट दवाखाना गाठा.

कॉइलबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे: तान्ह्या बाळाच्या खोलीत नको. तिच्यात औषध नावापुरतं, बाकी सगळा जळणारा भुसा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. लोक औषधाला घाबरतात आणि धूर बिनधास्त घेतात!

आता तुमचं रात्रीचं जागरण. हिवतापाचा डास रात्री चावतो, पण डेंग्यूचा एडिस दिवसाउजेडी, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. म्हणजे डेंग्यूसाठी नुसतं रात्री लिक्विड लावून फारसं साधत नाही. बाळ दुपारी झोपतं तेव्हाही मच्छरदाणी हवी, कडा गादीखाली खोचून. डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं अंगाला लावायचं मलम दोन महिन्यांच्या आत चालत नाही. तुमच्या बाळाला लावायचं तर डॉक्टरांना विचारून, हात आणि चेहरा सोडून. लिंबाच्या वासाच्या निलगिरीचं तेल असलेली मलमं तीन वर्षांपर्यंत नकोत, 'नैसर्गिक' लिहिलेलं असलं तरी.

एवढं करूनही कूलरचं पाणी तसंच असेल तर काय उपयोग? एडिसला गटार लागत नाही, स्वच्छ साचलेलं पाणी पुरतं. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, झाकण नसलेलं पिंप. बॅटरी मारली की अळ्या वळवळत खाली पळतात, थोड्या वेळाने श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. पाणी ओतून दिलं की काम झालं असं वाटतं, पण अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटलेली असतात, काळ्या बारीक ठिपक्यांसारखी. ती कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडं आतून ब्रशने खसाखसा घासायचं. धूरफवारणी करा म्हणून लोक आमच्या मागे लागतात, पण तिने फक्त उडणारे डास मरतात. अळ्या आणि अंडी जागच्या जागी.

बाळाला ताप आला तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. डेंग्यूची शंका असेपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल द्यायचं, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. डेंग्यू बिघडतो तो बहुधा ताप उतरायच्या सुमारास. सारख्या उलट्या, सुस्ती, हातपाय गार पडणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा.